तिसरी पिन

ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत मशिनांच्या कंट्रोल पॅनलचं वायरिंग करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनांमधली विजेची कटकट काढणाऱ्या या माणसाला घरच्या स्पीकरमधली घूं काही काढता येईना. तीन आठवडे तो त्यापायी वैतागला होता.

अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर त्याने प्रितमकडून, कंपनीतल्या मित्राकडून घेतले होते. प्रितमच्या मारुंजीच्या खोलीत त्यावर बासरी इतकी स्वच्छ वाजली, की ज्योतीरामने तिथंच सौदा पक्का केला. चिखलीला घरी आणून जोडल्यावर मात्र बासरी जरा थांबली की मागून घूं ऐकू यायची.

आधी त्याने फ्रिजवर संशय घेतला. फ्रिज बंद केल्यावर मधूनच येणारी टक् गेली, घूं राहिली. फ्रिज पुन्हा लावायचा विसरला आणि दोन लिटर दूध नासलं. मग पंख्याचा रेग्युलेटर बदलला. अ‍ॅम्प्लिफायरवरचा वायफायचा राउटर स्वयंपाकघरात नेला, तेव्हा योगिनीचा, त्याच्या बायकोचा, ऑफिसचा कॉल तीनदा तुटला. मागे गुंता होऊन पडलेल्या वायरी सोडवून विजेच्या एकीकडे आणि आवाजाच्या दुसरीकडे केल्या. त्याने घूंसोबत येणारी चरचर बरीच कमी झाली, पण घूं तशीच. चिंचवडच्या दुकानदाराने सांगितलं, प्लगची तिसरी पिन काढून टाका, जाईल. ती पिन जीव वाचवायला असते, असं त्याला सुनावून ज्योतीराम परत आला.

रविवारी सकाळी त्याने अ‍ॅम्प्लिफायर सोडून पंख्यासकट घरातलं सगळं बंद केलं. योगिनी घामाघूम झाली होती. शेवटी हे खोकंच बंद करायचं म्हणून ती आली आणि तिने अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर हात टेकवला. घूं थांबली. तिने हात उचलला तशी पुन्हा सुरू झाली.

“काय केलंस?” ज्योतीरामने विचारलं.

“काही नाही. नुसता हात ठेवला.”

त्याने स्वतः पत्र्यावर हात टेकवून बघितला. मग दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊन आला. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लागला. एक वायर वरच्या मोठ्या भोकात घातली, बल्ब लागेना. घरातलं एकेक सॉकेट तपासलं. एकालाही अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत सोडणारी जोडणी, नव्हती; योगिनीच्या हाताने तेवढ्यापुरती ती वाट दिली होती. कंपनीत प्रत्येक पॅनलवर तो पहिल्यांदा हेच बघायचा. घरी भोकं तीन आहेत म्हणून त्याने गृहीत धरलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घरमालकीण तानुबाई तळमजल्यावर राहायच्या. चिखलीतल्या जुन्या शेतकरी घरातल्या. ज्योतीरामने अर्धा तास समजावलं. त्या म्हणाल्या, बिल्डिंगला धा वरसं झाली, कुणाची तक्रार न्हाई, तुमच्या त्या पेटीतच खोट आसंल. तो वैतागून वळला. तेवढ्यात मागून आलेल्या योगिनीला वॉशिंग मशीनसमोर ठेवलेला लाकडी पाट दिसला. पाट कशाला, असं तिने विचारलं.

“मुंग्या येत्यात हाताला. पाटावर उभं ऱ्हायलं की न्हाई येत,” तानुबाई म्हणाल्या. “मशीन जुनं हाय. नातीला हात लावू देत न्हाई मी.”

“काकू,” योगिनी म्हणाली, “मशीन जुनं आहे म्हणून नाही येत त्या. वीज अंगातून जाते तुमच्या. तिला जमिनीत जायला दुसरी वाटच नाही.”

तानुबाईंनी मशीनकडे बघितलं. मग ज्योतीरामला म्हणाल्या, “मंग हे आधी का न्हाई सांगितलं?”



तानुबाईंचा मुलगा अजिंक्य दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन घेऊन आला. अर्थिंगचा खड्डा पार्किंगच्या फरश्यांखाली सापडला. त्यातून निघालेली पट्टी मीटरच्या भिंतीपाशी येऊन संपली होती, ती बोर्डाला कधी जोडलीच नव्हती. ते काम व्हायला चार दिवस लागले, कारण इलेक्ट्रिशियन दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही.

काम झालं त्या संध्याकाळी घूं गेली होती. ज्योतीराम बासरी न लावताच थोडा वेळ स्पीकरसमोर बसला.

पुढच्या रविवारी तो बल्ब घेऊन बाकीच्या भाडेकरूंकडची सॉकेटं तपासायला गेला. कुणी झोपमोड झाली म्हणून कुरकुरलं, कुणी दारातूनच नको म्हणालं. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत मोठ्या भोकात वायर घातल्यावर बल्ब लागला नाही. तो हे सांगायला खाली उतरला, तेव्हा तानुबाई दारातच होत्या. त्याच्या हातातला बल्ब बघून त्यांनी आत वळून इलेक्ट्रिशियनला परत बोलवायला अजिंक्यला हाक मारली.