न फुटणारा वाडगा

मी वाडगा बोलतोय. भाताचा. पांढरा, जाडजूड, पोटावर निळी वेल असलेला. आवाज जरा खालून, मातीतून आल्यासारखा वाटेल. तिकडे आत्ता लक्ष देऊ नका, त्याचं कारण पुढे येईलच.

माझा जन्म जपानातल्या तोबे गावच्या भट्टीतला. आमच्या तोबेच्या भांड्यांची ख्याती अशी, की नवरा-बायकोनं रागाच्या भरात एकमेकांवर फेकली तरी ती फुटत नाहीत. भट्टीतून निघाल्या निघाल्या हे आमच्या कानावर पडलं आणि आम्ही सगळे जे फुगलो, ते फुगलेलेच राहिलो. मी तर जास्तच.

मात्सुयामाच्या गेनझो आजोबांनी मला दुकानात उचललं, बोटानं टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "हा घ्या. माझ्या नातीला जन्मभर पुरेल." नात होती मिओरी. तिच्या जन्मानंतर शंभराव्या दिवशी, आमच्या रीतीप्रमाणे, माझ्यात भात वाढला, शेजारी भाजलेला अख्खा मासा मांडला आणि एक शीत तिच्या ओठांना लावलं. तिनं ते थुंकून टाकलं. सगळे हसले. मला वाटलं, चला, संसार सुरू झाला.

आमच्याकडे वाडगा डाव्या हातात उचलून जेवतात. टेबलावर ठेवून कुणी वर वाकलं, की घरातलं मोठं माणूस खेकसतं, "कुत्र्यासारखं जेवू नकोस!" म्हणजे वाडग्याचं सारं आयुष्य डाव्या तळहातावर जायचं. आणि मिओरीचा नेमका डावा हातच दुबळा निघाला. जन्मताना मेंदूत कुठेशी रक्त साकळलं होतं म्हणे. वर्षाची झाली तरी ती मूठ आवळलेली, कोपर छातीशी. झालं! माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली आणि माझ्या जागी प्लास्टिकचा वाडगा आला, सशाचं चित्र असलेला, बुडाला रबर लावून टेबलाला चिकटणारा. त्या सशाचा मी चार वर्षं राग राग केला.

मिओरी वाकून, तोंड वाडग्याशी नेऊन जेवायची. आजोबा एरवी साऱ्या जगावर खेकसायचे, पण तिला कधी एक शब्द बोलले नाहीत. नुसते दुसरीकडे बघायचे. तिच्या आईला, कानाएला, ते बघणंच लागायचं. ओरडले असते तरी परवडलं असतं.

मिओरी पाच वर्षांची झाली. पुढच्या एप्रिलात शाळा. बाप फेरीबोटीवर कामाला, आठवड्यातून दोनदा घरी. धावपळ सगळी कानाएची. ती एका उपचार केंद्रातून घरी आली आणि उभ्याउभ्याच सासऱ्यांना सांगू लागली, "बाबा, तीन आठवडे रोज जायचंय. दिवसभर. घरी आल्यावरही तेच. तिच्या उजव्या हातात जाड कापडी मोजा घालायचा, बोटं न दिसणारा. म्हणजे सगळं डाव्यानंच करावं लागेल."

"चांगल्या हाताला कैद? हा कुठला न्याय?"

"तिथल्या तोगावा बाई म्हणाल्या, मूठ आवळणं तिला येतं. उघडणं येत नाही. कुणी न सांगता, आपली आपण मूठ उघडली पाहिजे. ते जमलं की हात कामाचा झाला. नाहीतर तो असाच राहील, शाळेतही, नंतरही."

आणि मग त्या घरात कुणाला चैन म्हणून पडेना.

मिओरी मोजा दातांनी चावायची, भिंतीवर आपटायची. चमचा डाव्या मुठीत कोंबला की भात कानाकडे जायचा, टेबलाखाली जायचा, तोंडात तेवढा जायचा नाही. "आई, भरव ना! एकच घास!" कानाए स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची, न जाणो आपलेच हात आपलं ऐकणार नाहीत म्हणून. मग उठायची, पुसलेला ओटा पुन्हा पुसायची, पुन्हा येऊन हातांवर बसायची. आजोबा टीव्हीचा आवाज वाढवायचे, कमी करायचे, बंद करायचे. कपाटात मीही जागच्या जागी किणकिणत होतो. शेजारची बशी म्हणाली सुद्धा, "अरे, गप बस की जरा!" कसा बसू?

एका रविवारी कानाए कपडे काढायला गच्चीवर गेली. आजोबांनी इकडे तिकडे पाहिलं, मोज्याचा पट्टा सोडला आणि खिशातून संत्रं काढलं. "शू! आई यायच्या आत." उजवा हात सुटल्यावर पोरीनं आनंदानं संत्रं सोललं, रस हनुवटीपर्यंत. जिन्यावर पावलं वाजली. आजोबांनी घाईघाईनं मोजा चढवला.

कानाएनं दारातूनच पाहिलं. "बाबा, मोजा डाव्या हातात कसा?"

आजोबांनी पाहिलं. खरंच की! "चालत गेला असेल," ते म्हणाले.

मिओरी खुदकन हसली. कानाए हसली नाही. हातातले कपडे तिनं खाली टाकले. "लाड तुम्ही करायचे आणि राक्षसीण मी व्हायचं. मला का दिसत नाही तिचं रडणं? मी रोज तिच्यासमोर दगड होऊन बसते बाबा, रोज!" आणि ती त्या कपड्यांतच बसून रडली. दुसऱ्या दिवसापासून जेवताना आजोबाही आपले दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसू लागले. सून एका बाजूला, सासरा दुसऱ्या बाजूला, मधे पोर. मला कपाटातून ते पाहवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती.

शेवटचा आठवडा दोन्ही हातांचा होता. मोजा निघाला. तोगावा बाईंनी सांगितलं, "जड भांडं द्या तिच्या डाव्या हातात. हलकं असलं की हाताला काही धरलंय हेच कळत नाही."

कानाए कपाटापाशी आली आणि माझ्याकडे बघत राहिली. "फुटेल हो बाबा."

"तो? तुझ्या सासूनं याच मातीची ताटली मला फेकून मारली होती. कपाळाला तीन टाके पडले. ताटलीला चरासुद्धा पडला नाही."

अशा रीतीनं मी बाहेर आलो. मिओरीनं मला डाव्या हातानं धरलं आणि काय धरलं! बुडणारा माणूस ओंडका धरतो तसं. हात थरथरत होता, भात डुचमळत होता, पण पाठ ताठ! पोर ताठ बसून जेवत होती. आजोबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. मला तर धन्य धन्य वाटलं.

पण घोडं अडलं ते जेवण संपल्यावर. मूठ सुटेना. ती सोडायला बघायची तेवढी बोटं जास्तच आवळायची. रोज कानाए एकेक बोट उलगडून मला सोडवायची. मग मिओरी आपल्या आवळलेल्या मुठीवर उजवा तळहात टेकवून "गोचिसोसामा" म्हणायची. जेवल्यावर हात जोडून हे आभाराचे शब्द म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी टेबलावरून उठत नाही.

उपचाराचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी कानाए घरी आली ती तोंड पाडूनच. आजोबांनी विचारलं नाही, तिनंच सांगितलं, "पकड चांगली आली म्हणाल्या. मूठ मात्र उघडत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघू."

"पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी," आजोबा म्हणाले.

मधे लोखंडी पातेल्यात रस्सा उकळत होता. मिओरी जेवली, शेवटचं शीत वेचून खाल्लं. मी तिच्या डाव्या मुठीत, टेबलाच्या वर. रोज याच वेळी कानाए पुढे होऊन मला सोडवायची. आज ती रश्श्याच्या वाफेकडे बघत बसली होती. विसरली.

मिओरीला उठायची घाई. पलीकडे तिचं कार्टून लागलं होतं. तिनं सवयीनं हात जोडले. दोन्ही.

"गोचिसोसामा!"

बोटं माझ्यावरून निघाली. एकेक करून नाही, सगळी एकदम. आधी पातेल्याची लोखंडी कड, मग खालची फरशी. जन्मभराची घमेंड एका आवाजात संपली. माझे तीन तुकडे झाले.

मिओरी भेदरली. "आई, मी नाही टाकला! मी नुसते हात जोडले!"

कानाएनं फरशीकडे पाहिलंच नाही. ती लेकीच्या हातांकडे बघत होती. तळहाताला तळहात, बोटाला बोट. डावी बोटं जरा वाकडी होती, पण उघडी होती.

"तशीच थांब," ती कसंबसं म्हणाली. "हलू नकोस गं. तस्साच ठेव हात."

आजोबा उठले. वाटलं केरसुणी आणायला चालले. ते कपाटाकडे गेले आणि स्वतःचा वाडगा घेऊन आले. मिओरीच्या डाव्या हातात ठेवला. "घे बाळ. धर. आता पुन्हा म्हण गोचिसोसामा."

"फुटेल ना, आजोबा."

"फुटू दे! तो फुटला की तुझ्या बाबाचा आहे, मग कपाटातले पाहुण्यांचे सगळे आहेत. म्हण!"

तो फुटला नाही. कानाएनं खाली उशी धरली होती आणि ती हसत होती की रडत होती ते मला फरशीवरून दिसलं नाही.

आता मी, म्हणजे माझा सगळ्यात मोठा तुकडा, अंगणातल्या कुंडीच्या तळाशी आहे, भोकावर आडवा, माती वाहून जाऊ नये म्हणून. वर शाळेतून आणलेली निळ्या फुलांची वेल आहे. रोज सकाळी मिओरी झारी घेऊन येते, उजवा हात कडीला, डावा बुडाखाली. अर्धं पाणी चपलांवर सांडते. माझी चुळबुळ अजून गेलेली नाही. तिला उशीर झाला की वाटतं, आज हात दुखतोय की काय, आवळला की काय पुन्हा. मग पाणी झिरपत माझ्यापर्यंत येतं.

तुमच्या घरात पोराच्या हातून काही पडलं, तर एवढं ऐका. आधी त्याच्या हाताकडे बघा. फरशी मग झाडता येते.