सहावं घर

खटकचिंचोळीच्या गुंडेरावांना एक गोष्ट जन्मात कधी जमली नाही, ती म्हणजे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं. कुणी पेरणीला बैल मागितले, दिले. कुणी सोयरिकीला चला म्हटलं, टोपी घालून निघाले. मनात मात्र सदानकदा नन्नाचा पाढा. अशी माणसं गावाला फार गोड वाटतात. घरच्यांनी तेवढं त्यांच्यापासून जपून राहावं.

त्यांची धाकटी लेक चंद्रभागा. आजीचं नाव ठेवलेलं, म्हणून घरात सगळे भागूच म्हणायचे. हुमनाबादला मावशीकडं राहून ती हायस्कूल शिकली आणि तिथं चंद्रम्मा टीचरच्या हाताखाली नाच शिकली. असातसा नाही, चांगला गुरूपाशी बसून शिकायचा, तालाचा, बोलांचा नाच. सुट्टीत घरी आली की सोप्यातल्या शहाबादी फरशीवर पहाटेपासून तिचे तळवे वाजायला लागायचे. तिची आई पार्वतीबाई भाकऱ्या थापता थापता त्या ठेक्यावर कधी थापायला लागायच्या, ते त्यांचं त्यांनाच कळायचं नाही.

तेव्हा आपल्या राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं. बंगळूरला एक नाचाची शाळा होती. राहणं-जेवण शाळेचं, आणि तिथून बाहेर पडलेल्या पोरींना हायस्कुलात नाचाच्या टीचरची नोकरी. साऱ्या राज्यातून पोरी परीक्षेला यायच्या आणि घ्यायचे मूठभर. चंद्रम्मा टीचर मुद्दाम खटकचिंचोळीला आल्या, सोप्यात बसल्या आणि गुंडेरावांना म्हणाल्या, "अण्णा, पोरीच्या अंगात हाय हे. परीक्षेला बसवू का?"

पार्वतीबाई दाराआडून बघत होत्या. भागू खांबाला टेकून उभी होती. गुंडेरावांनी मान डोलावली. "व्हय की. बसवा, बसवा. शिकू द्या."

झालं! हे म्हणाले आणि आतल्या आत जळायला लागले.

त्यात पुढच्या बाजाराला हुमनाबादला गेले, तर अडतीच्या ओट्यावर बसलिंगप्पा बसलेला. जिभेला हाड नसलेला माणूस. चार लोकांत मोठ्यानं म्हणाला, "काय गुंडेराव, पोरीला नाचायला धाडायलाव म्हणं? बरं झालं की. औंदा जत्रंला भायरची तमाशाची पार्टी आणायची गरज न्हाई."

सगळे खदाखदा हसले. आणि गुंडेरावही हसले. अहो, स्वतःच्या लेकीवर चार लोक हसतात आणि बाप त्यांच्यात बसून हसतो! घरी येताना बसमध्ये त्यांना ते आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण राग कुणाचा आला? बसलिंगप्पाचा नाही, स्वतःचा तर मुळीच नाही. पोरीचा आला. हिनं हे नसतं खूळ डोक्यात घेतलं नसतं तर कुणाची बिशाद होती बोलायची, असं त्यांना वाटलं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडातून 'नाच' हा शब्दच नाहीसा झाला. कुणी विचारलं, पोरगी कुठं जायलीय, की म्हणायचे, "तिकडलं शिक्षण हाय एक."

परीक्षा गुलबर्ग्याला होती. गुंडेराव भागूला घेऊन गेले, तिला टीचरच्या स्वाधीन केलं आणि म्हणाले, "तुमचं चालू द्या. तवर मी गाणगापूरला दर्शन करून येतो."

भागूचा चेहरा एवढा उजळला की विचारू नका. बाप आपल्यासाठी देवाकडं चाललाय. तिनं तिथंच वाकून त्यांचे पाय धरले.

गाणगापुरात त्यांच्या घराण्याचे पिढीजात पुजारी होते, नरसिंभट. गुंडेरावांनी पादुकांचं दर्शन घेतलं, पुजाऱ्यांजवळ बसले, इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांच्या कानाशी लागून हळूच नवस बोलले. लेकीला त्या शाळेत घेऊ नये. देवानं एवढं केलं तर इथं येऊन पाच घरं माधुकरी मागीन. म्हणजे स्वतःच्या तोंडानं लेकीला जे सांगायचं, ते काम या गृहस्थानं देवाच्या गळ्यात घातलं.

संध्याकाळी गुलबर्ग्याला परतले तर भागू घामाघूम, डोळे लकाकत. "अप्पा, लई चांगलं झालं! पुन्हा एकदा करून दाखव म्हणले मला." गुंडेरावांनी खिशातली पुडी काढली आणि गाणगापूरचा अंगारा तिच्या कपाळाला लावला. लावावाच लागला, टीचर बघत होत्या. भागूनं डोळे मिटून घेतले.

मग वाट बघणं सुरू झालं. ते दिवस त्या घरात फार वाईट गेले. भागू आडावर पाणी भरता भरता रस्त्याकडं बघायची. टपालवाला बंडेप्पा दुसऱ्या गल्लीत वळला की घागर तशीच कठड्यावर ठेवून उभी राहायची. घास हातात धरून विचार करत बसायची, आणि मधेच म्हणायची, "अप्पा, घेतील का न्हाई वो मला?" गुंडेराव म्हणायचे, "घेतील की." ते सांगताना ताटातल्या वरणाकडं बघायचे. आणि भागू म्हणायची, "मला काळजी न्हाई. तुमी देवाला सांगून आलाव."

आपल्या माणसानं आपल्यावर असा विश्वास टाकावा आणि आपण त्या लायकीचे नसावं, यापेक्षा उघड्यावर जोड्यानं मारलेलं बरं. गुंडेरावांना ते कळत होतं. पण कळून करतो काय? नवस परत घ्यायचा कसा, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर परत घ्यावासाही वाटत नव्हता.

एके दुपारी बंडेप्पानं ओट्यावर कार्ड दिलं. भागूनं उभ्याउभ्या वाचलं. घेतलं नव्हतं.

गुंडेरावांचा जीव भांड्यात पडला. तो आनंद खोटा नव्हता, चांगला पोटातून आला होता. तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. आणि भागूला वाटलं, अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती स्वतः रडायची सोडून त्यांच्याजवळ येऊन बसली आणि त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "अप्पा, तुमी जीवाला लावून घेऊ नका. माझंच कुठंतरी चुकलं आसंल. तुमी तर देवापतुर गेलाव माझ्यासाठी."

तिचा तो हात पाठीवर फिरत होता आणि गुंडेरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण धरणी असल्या माणसांना कुठं घेते?

चंद्रम्मा टीचर हार मानणाऱ्या नव्हत्या. म्हैसूर शहरातही तशीच एक शाळा होती, तिथल्या परीक्षेला त्यांनी भागूला नेलं. तिथलं उत्तर यायचं होतं. म्हणजे पुन्हा तो रस्ता, तो बंडेप्पा, कठड्यावरची ती घागर.

इकडं गुंडेरावांना नवसाची धास्ती लागली. देव पावला होता, आता फेडायला हवं होतं. टाळत राहिले, तर आडाच्या पायरीवरून पाय घसरला आणि घोटा टम्म सुजला. त्यांनी ओळखलं, ही देवानं करून दिलेली आठवण आहे. चालता यायला लागलं तसं घरात सांगितलं, "गाणगापूरला जाऊन माधुकरी मागायची हाय. बोललो होतो."

पार्वतीबाई परातीतून हात काढून बघायला लागल्या. "अवो, पण देवानं दिलं कुठं? पावला न्हाई तर नवस कामून फेडायलाव?"

गुंडेरावांनी घोटा चोळला. "बोललो ते बोललो," एवढंच म्हणाले.

आणि काय सांगू, त्या एका वाक्यानं त्यांचं गावात केवढं नाव झालं! देव पावला नाही तरी नवस फेडणारा माणूस. आडावर बायका बोलल्या. देवळात म्हातारे बोलले. हुमनाबादच्या बाजारात खुद्द बसलिंगप्पानं उठून जागा दिली. "गुंडेराव, मी चेष्टा केली तवा. बाप आसावा तर आसा." चंद्रम्मा टीचर तर घरी येऊन पाया पडल्या. ज्याच्या-त्याच्या तोंडी कौतुक, आणि एकेक शब्द गुंडेरावांना बाभळीच्या काट्यासारखा रुतत होता. खरं सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. पण नाही म्हणायला न जमणारा माणूस कबूल तरी कसा करणार?

एकट्यानंच जायचं त्यांनी ठरवलं होतं. भागूनं ऐकलं नाही. "आईला घरी ऱ्हाऊ द्या, म्हस व्यायला झालीय. मी येते. तुमी माझ्यासाठी मागणार आन् मी घरी बसू?"

संगमावर आंघोळ झाली. दुपार झाली तशी गल्ल्यांतून माधुकरी मागणाऱ्यांची ये-जा सुरू झाली. तिथं त्यात कुणाला नवल नाही. दत्तमहाराज स्वतः दुपारी कुठल्या ना कुठल्या रूपात भिक्षेला येतात म्हणून घराघरांतल्या बायका भाकरी घेऊन दारात उभ्याच असतात. गुंडेरावांनी खांद्याला झोळी अडकवली. भागूनं झोळीचं एक टोक धरलं. एकेका दारात ते "भिक्षा वाढा माई" म्हणायचे ते इतकं दबक्या आवाजात की भागूच पुढं होऊन सांगायची, "माई, माझ्या अप्पांचा नवस हाय." बायका तिच्याकडं बघून हसायच्या आणि भाकरीवर चटणीचा गोळा जास्तीचा ठेवायच्या. पाच घरं झाली. गुंडेरावांना वाटलं, सुटलो.

माधुकरी घेऊन दोघं नरसिंभटांच्या ओसरीवर आले. पुजारी म्हातारे झाले होते, पण यजमानांचा बोलला नवस विसरणारे नव्हते. गुंडेरावांना पाहून ते मनापासून खूश झाले.

"या, या गुंडेराव! पावले ना महाराज? मी म्हटलंच होतं. काय मोठं मागणं होतं तुमचं? मुलीला त्या नाचाच्या शाळेत घेऊ नये, एवढंच तर. घेतलं नाही ना? झालं तर मग. हीच का ती मुलगी? बस बाळ, बस. बापाला काळजी असते हो."

भागू खाली बसत होती, ती अर्धवट वाकलेली तशीच थांबली. मग सावकाश सरळ झाली. पुजारी पाणी आणायला आत गेले. त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक!

गुंडेराव झोळीकडं बघत होते.

"अप्पा," भागू म्हणाली, "तो अंगारा बी त्याच्यासाठीच लावला होता का?"

गुंडेरावांनी मान हलवली. जन्मभर होकारासाठीच हललेली ती मान आता खरं सांगायलाही तशीच हलली.

"मला सांगायचं होतं की. नको जाऊ म्हणायचं होतं. मी रडले असते, चार दिवस जेवले नसते. पण मला कळलं तर असतं, कोण नको म्हणायलंय ते." तिचा आवाज फुटला. "मी तुमच्या पाठीवर हात फिरवत होते, अप्पा."

गुंडेरावांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. या वेळी उपरण्यानं पुसायचंही त्यांना भान नव्हतं. "चुकलं गं माय," ते म्हणाले. "लोक हसले आन् मी बी हसलो. मला लाज वाटली तुझी. आता माझी मला वाटायलीय."

भागूनं पदरानं डोळे पुसले. झोळीतल्या भाकऱ्या काढून पुजाऱ्यांच्या ओसरीवर नीट एकावर एक ठेवल्या. रिकामी झोळी झटकली आणि बापापुढं धरली.

"उठा."

"कुठं?"

"पाच घरं तुमच्या नवसाची झाली. म्हैसूरचं अजून आलं न्हाई. आता एक घर माझं मागा."

गुंडेराव उठले. घोटा दुखत होता तरी उठले. गल्ली ऐन दुपारची भरलेली होती. यात्रेकरू, प्रसादाची दुकानं, हातात भाकरी घेऊन दारात उभ्या बायका. पहिल्याच दारात ते थांबले. या वेळी भागूनं झोळीचं टोक धरलं नाही. ती दोन पावलं मागं उभी राहिली.

"भिक्षा वाढा माई," ते पुटपुटले.

दारातली बाई वयस्क होती. भाकरी पुढं करत तिनं सहज विचारलं, "कशाचा नवस, बाबा?"

गुंडेरावांनी मागं भागूकडं पाहिलं. बाई भाकरी तशीच हातात धरून थांबली.

मागून भागू म्हणाली, "मोठ्यानं सांगा, अप्पा. ते मागणं देवाच्या कानात हळूच सांगितलं होतं ना? हे मोठ्यानं सांगा."

गुंडेरावांनी डोळे मिटले आणि ओरडले. बाजाराच्या दिवशीसुद्धा ते कधी एवढ्यानं ओरडले नव्हते. "माझ्या लेकीला नाचाच्या शाळेत घेऊ द्या, माई! माझी लेक लई चांगली नाचती!"

गल्लीतली चारदोन माणसं वळून बघायला लागली. शेजारच्या दुकानात कुणीतरी फिस्सकन हसलं. गुंडेरावांनी ते ऐकलं. ते हसले नाहीत. झोळी पुढं धरून, मान खाली घालून, भाकरी पडेपर्यंत तिथंच उभे राहिले.