भोवऱ्याची शिट्टी

हातमोजा फाटला तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटीत होते. काचेची बंद पेटी, तिला बाहेरून बसवलेले लांब रबरी मोजे, आत विषारी भुकटी आणि वजनकाटा. काट्याच्या कडेला करंगळी अडकली आणि रबर टरकन फाटलं. नियम पहिल्याच दिवशी घोटून घेतलेला: हात काढायचा नाही, पायाने घंटा दाबायची, तपासणीची बाई येईपर्यंत उभं राहायचं.

भुकटी बाहेर येणार नव्हती. पेटीमागे भोवरा होता. नाव भोवरा, पण फिरणारा भाग त्यात एकही नाही; फिरते ती हवा. बारीक भोकातून शिरून ती आत गरगरते आणि पेटीतून ओढली जाणारी हवा रोखून धरते. मोजा फाटला की गरगर मोडते, वाट मोकळी होते आणि पेटी बाहेरची हवा जोरात आत खेचते. बिघडायला त्यात काहीच नाही, असं साहेब छाती फुगवून सांगायचे. माणसाची अक्कल त्यांनी हिशेबात धरलीच नव्हती.

त्या भोकातून दिवसभर शिट्टी वाजे. काल तिचं डोकं उठलं आणि तिने भोकावर चिकटपट्टी मारली. शिट्टी गेली, गरगरही गेली. तेव्हापासून पेटी पूर्ण जोराने ओढत होती आणि मोजे आत फुगून लाकडासारखे ताठ झाले होते. करंगळी अडकली ती त्यामुळेच. भोवऱ्याला हात लावणाऱ्याला घरचा रस्ता, हे सगळ्यांना माहीत होतं. पट्टी समोर हातभर अंतरावर दिसत होती, पण हात आत. तिला रडू फुटायचं बाकी होतं.

तपासणीची बाई म्हणजे तिची थोरली नणंद. ही नोकरी तिनेच लावून दिलेली, आणि तो विषय घरात रोज एकदा तरी निघायचाच. नणंदेने तिचा हात हळूच बाहेर घेतला, फाटक्या मोज्याच्या तोंडाला बूच मारलं, बोटांवरून भुकटी शोधणारं यंत्र फिरवलं.

"स्वच्छ आहे. नशीब समज." मग तिची नजर पेटीमागे गेली. "ही पट्टी कोणी लावली?"

"मीच, वन्सं. शिट्टी सहन होईना."

नणंदेने पट्टी सोलली, घडी करून खिशात ठेवली. तेवढ्यात साहेब आले.

"मोजा जुना झाला होता," नणंद म्हणाली. साहेबांनी मान डोलावली आणि ते गेले.

"खरं सांगून टाकते मी त्यांना."

"आता? मग माझीही नोकरी जाईल. घरी कोणाला कळणार नाही, काळजी करू नकोस."

"ती पट्टी तेवढी टाकून द्या ना, वन्सं."

"टाकते की," नणंद मायेने म्हणाली, आणि तिने खिशाचं बटण लावलं.