पिवळ्या रंगाखालची चीर

मी शिडी बोलतेय. माझ्यावर चढणारा माणूस वर बघत असतो. खाली बघू नको, डोळे फिरतील, असं त्याला सगळे सांगतात. मी मात्र सारखी त्याच्या पायांकडे बघते. आधी कुठला पाय टाकतो, अख्खं पाऊल टेकवतो की नुसती बोटं, चपलेचा तळ ओला आहे का. लोकांना वाटतं, शिडीला कसली आलीय भीती? खरं सांगू? चढणाऱ्याला फक्त स्वतःच्या जिवाची काळजी असते. मला चढेल त्या प्रत्येकाची.

नगरपालिकेच्या वर्कशॉपमध्ये एका सुतारानं मला घडवलं. दोन उभे दांडे, चौदा पायऱ्या, वर रंग नाही, नुसतं तेल. एकेका गाठीपायी त्यानं दोन चांगले दांडे बाजूला टाकले. साहेब वैतागले, "अहो, शिडीच तर करायचीय!"

"चढायचं तुम्हाला नाहीये ना साहेब, म्हणून," सुतार म्हणाला आणि तिसरा दांडा रंधायला घेतला.

पुढची बरीच वर्षं मी वीज विभागात काढली. मग चकचकीत, हलक्या शिड्या आल्या आणि मी भांडाराच्या कोपऱ्यात आडवी झाले. उंदीर माझ्या पायऱ्यांवरून ये-जा करायचे. तेवढाच माझा उपयोग.

मग एक दिवस भांडाराचं अर्धं शटर वर झालं आणि वस्ती विभागाच्या मॅडम आत आल्या. बारीक चणीच्या, बोलणं भराभर, हातात कायम कागदांचा गठ्ठा. नगरपालिकेनं नवीन योजना काढली होती. गल्लीतल्या लोकांनी गट करायचा, आपल्या भागात काय सुधारायचं ते ठरवायचं, अर्ज द्यायचा. नगरपालिका रंग, रोपं, अवजारं देणार, अडेल तिथे माणूस पाठवणार, मेहनत लोकांची.

"आपण अवजारं देतो म्हटलंय खरं," मॅडम म्हणाल्या, "पण आहेत का आपल्याकडे?"

भांडारवाले काका उठले आणि त्यांनी मला, मग माझ्यासारख्या आणखी काही जुन्या शिड्यांना कोपऱ्यातून ओढून काढलं. फडक्यानं पुसलं. मला परत कुणीतरी उभं केलं, त्या दिवशीचा आनंद मी विसरणार नाही. पुढे दोन वर्षं मी गल्लोगल्ली हिंडले. बंद पडलेल्या वाचनालयाचं छत झाडलं, शाळेच्या कुंपणावर वेल चढवले. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं माझा एकेक दांडा धरून उभी राहिलेली मी पाहिली.

घात झाला तो परतीच्या वाटेवर. एका गटानं मला टेम्पोत टाकलं, दोरी ढिली बांधली. वळणावर मी रस्त्यावर आदळले आणि माझ्या डाव्या दांड्यात, आठव्या आणि नवव्या पायरीच्या मध्ये, कर्र असा आवाज झाला. आणणाऱ्या माणसानं इकडेतिकडे पाहिलं, मला परत टेम्पोत चढवलं आणि भांडारात येऊन म्हणाला, "घ्या काका. जशी नेली तशी आणलीय."

काकांनी मात्र माझ्यावरून हात फिरवला. आठव्या पायरीपाशी त्यांचा हात थांबला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती चीर जवळून पाहिली. मग खुर्चीत बसले. समोर नोंदवही उघडी होती, पेन हातात होतं. लिहिलं काहीच नाही. त्यांचं दुःख मला कळत होतं. मी मोडीत गेले की बदली शिडी यायला वर्ष जाईल, आणि दारात येणाऱ्या लोकांना नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं.

दोनच दिवसांत हुकूम आला. मोठे साहेब पाहणीला येणार, सगळी अवजारं रंगवून घ्या. काकांनी चिरेत लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरली, वरून पिवळ्या रंगाचे दोन हात दिले. मी नवरीसारखी नटले.

"जपून दिली की झालं," काका स्वतःशीच म्हणाले.

तेव्हापासून मला भीती लागली. सुटेना ती. काका मला सगळ्यात शेवटी द्यायचे, द्यावीच लागली तर कमी उंचीच्या कामाला. मी परत येईपर्यंत ते शटरशी उभे असायचे. आम्ही दोघं एकच गोष्ट जाणत होतो आणि दोघंही गप्प होतो. मला निदान जीभ नव्हती.

मग आल्या शिंपीणकाकू.

त्यांचं दुकान एका बोळाच्या तोंडाशी. बोळ दोन रस्त्यांना जोडणारा, लांब, अरुंद. एका बाजूला दोन पुरुष उंचीची भिंत. भिंतीवरचे तिन्ही दिवे मेलेले, वरून काटेरी वेलींचं जाळं लोंबलेलं. दुपारीसुद्धा आत पाऊल टाकताना माणूस आधी कानोसा घ्यायचा. एका बाईला तिथे कुणीतरी ढकलून पाडलं होतं, तिची पिशवी ओढून नेली होती. त्यानंतर काकूंच्या सुनेनं बोळातून जाणं सोडलं. ती दवाखान्यात कामाला. दहा मिनिटांच्या जागी अर्धा तास चालून मोठ्या रस्त्यानं घरी यायची.

काकूंनी तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा 'पाहतो' असं उत्तर मिळालं. चौथ्यांदा त्या मॅडमच्या टेबलाशी पोचल्या.

"बोळ वाईट आहे असं सगळेच लिहितात," मॅडम म्हणाल्या. "किती माणसं जातात, किती भिऊन परत फिरतात, ते मोजून लिहा. मग बघू मला कोण नाही म्हणतं."

काकूंनी मशीन दुकानाच्या दाराशी ओढलं आणि आठवडाभर टाके घालता घालता मोजणी केली. जाणाऱ्या माणसामागे एक बटण एका बरणीत, तोंडापर्यंत येऊन मागे फिरणाऱ्यामागे दुसऱ्या. दुसरी बरणी आधी भरली. मॅडमनी ती बरणी उचलून थेट बैठकीत नेऊन ठेवली, असं मॅडमच काकांना सांगत होत्या. अर्ज मंजूर झाला. वीजवाले नवे दिवे देणार होते, पण भिंत आधी साफ करून, गिलावा लावून, रंगवून हवी होती. ते काम गल्लीचं.

काकू शिडी न्यायला आल्या तेव्हा बाकी सगळ्या शिड्या बाहेर गेल्या होत्या.

"हीच उरलीय," काका म्हणाले. मग जरा थांबून, "फार वर चढू नका."

"का हो?"

"असंच. म्हातारी आहे."

"मग आमची गट्टी जमेल," काकू हसल्या आणि त्यांनी वहीत सही केली. काकांनी मान खाली घातली. बोला ना, मी मनात ओरडत होते. एवढंच बोला ना!

बोळात माझे नऊ दिवस गेले. एकेक दिवस मोजलाय मी. गटात पंधरा जण होते, पण रोज हटकून यायचे तिघंच. काकू, त्यांची सून आणि समोरचा बेकरीवाला. बेकरीवाला अंगानं दणकट. पहिल्याच दिवशी त्यानं हात वर केले. "मला वर चढवू नका बाबा. शिडीला घाम फुटेल." तो खाली माझे पाय धरून बसायचा. त्याच्या हातांना भाजलेल्या पावाची ऊब असायची, आणि त्या उबेतही मी थरथरत असायची.

चढायची ती सून. वेल तोडले तिनंच, गिलाव्याला हात लावला तिनंच. सहाव्या पायरीवर असली की मी श्वास घ्यायची. सातवीवर पाय आला की कोंडायची. आठवीवर ती उभी राहिली आणि हात लांब करून वाकली की रंगाखाली माझं लाकूड केसभर उघडायचं. ती उतरली की मिटायचं. पुन्हा उघडायचं, आधीपेक्षा थोडं जास्त.

माझ्याकडे आवाज एकच होता, कुरकुरण्याचा. तेवढा मी केला, जीव तोडून केला.

"आई, ही अगदी तुमच्यासारखी आहे," सून वरून म्हणाली. "काम करते, पण कुरकुर केल्याशिवाय नाही."

"चढलीयेस म्हणून बोलून घे," काकू खालून म्हणाल्या. "उतरशील ना खाली!"

सगळे हसले. बेकरीवाल्यानं घरून तेलाची बाटली आणली आणि माझ्या सांध्यांत तेल सोडलं. कुरकुर थांबली. होता नव्हता तो आवाजही गेला.

नवव्या दिवशी भिंतीचा वरचा पट्टा तेवढा राहिला होता. वीजवाले दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. सुनेला ऐन वेळी दवाखान्यातून बोलावणं आलं. ऊन उतरायला लागलं होतं, आणि रंग वाळायला वेळ हवा होता.

"मी चढते," काकू म्हणाल्या.

"काकू, वय बघा," बेकरीवाला म्हणाला.

"वय बघत बसले असते तर अर्ज कुणी केला असता? धर घट्ट."

पदर खोचून त्या चढल्या. एका हातात रंगाचा डबा, दुसरा माझ्या डाव्या दांड्यावर. पाचवी. सहावी. पाऊल ठेवायची त्यांची रीत छान होती, अख्खा तळवा टेकवून. सातवी. मी सगळं अंग आवळून धरलं. आठवीवर त्यांचा एक पाय आला, मग दुसरा. लांबी दोन ठिकाणी तडकली. आता नववी, मी म्हटलं. आता गेलं सगळं.

त्यांनी पाय उचललाच नाही.

तडकण्याचा आवाज ऐकून त्या वाकल्या, आणि दांड्यावरून खाली सरकणारी त्यांची बोटं थबकली. पुढे गेली, मागे आली. चाळीस वर्षं कापडाची उसवण नुसत्या बोटांनी ओळखणारा हात होता तो.

"अरे," त्या अगदी हळू म्हणाल्या, "इथं रंगाखाली उसवलंय."

"काय?"

"हिला चीर आहे. मोठी. माझं बोट बसतंय." त्यांनी खाली पाहिलं. "मला उतरता येईना रे. पाय हलेना."

डबा त्यांच्या हातून सुटला आणि निम्म्या भिंतीवर शिंतोडे उडाले. त्या मला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्या छातीची धडधड माझ्या लाकडात उतरत होती आणि त्या धडधडीनंच चीर वाढेल की काय असं मला वाटत होतं. अशी भीती मी जन्मात पाहिली नाही. मी एकेक रेषा आवळून धरली. शिडीला प्रार्थना येते का? मी केली.

बेकरीवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण त्यानं माझे पाय सोडले नाहीत. "काकू, भिंतीकडे बघा. उजव्या दांड्याला धरा. उजवा पाय खाली सोडा. हां. मी हाय खाली. पडलात तर माझ्यावर पडा, गादीच आहे मी."

काकूंच्या तोंडून हसू आलं की हुंदका, मला कळलं नाही. पण पाय सुटला. सातवी. सहावी. एकेका पायरीला युग लागलं. त्यांचा पाय जमिनीला टेकला आणि त्या मटकन खाली बसल्या.

मग त्यांनी कमरेची कात्री काढून माझा पिवळा रंग खरवडला. लांबी भुगा होऊन पडली. आत बोटभर खोल चीर.

"माझ्या सुनेला मी आठ दिवस हिच्यावर चढवलं," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानं मला भांडारात आणलं. काकू सोबत होत्या, मॅडमनाही बोलावलं होतं. चीर बघून मॅडम खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "हे वर कळलं तर योजना बंद करतील," त्या पुटपुटल्या. "सगळ्या गल्ल्यांची."

"आणि नाही कळलं तर?" काकूंनी विचारलं.

काका पुढे आले. त्यांनी माझ्या चिरेवर बोट ठेवलं. "मला दिसली होती. रंग मी मारला." मग काकूंकडे बघून म्हणाले, "तुम्हाला सांगायला तोंड उघडलं होतं, ताई. बंद केलं."

काकू त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकांच्या चेहऱ्यावर दिसलं. "तुम्ही रोज शटरशी वाट बघत असाल ना आमची?" त्या म्हणाल्या. "तेवढी वाट बघण्यापेक्षा एक वाक्य सोपं होतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. मग त्यांनी कागद ओढला आणि सगळं लिहिलं, काकांचं नाव, स्वतःचंही. अवजारांचं भांडार सात आठवडे बंद राहिलं. इतर शिड्यांचा रंग उतरवला तेव्हा आणखी दोघींना तडे निघाले. योजना बंद होता होता वाचली. काकांना ताकीद मिळाली. बोळातलं काम त्या सात आठवड्यांत तसंच अर्धवट पडून होतं, आणि काकूंची सून मोठ्या रस्त्यानंच घरी येत होती. खरं बोलण्याची किंमत तिनं चालून भरली.

नंतर नवीन शिड्या आल्या. बोळातले दिवे लागले, असं ऐकते. मी ते पाहिले नाहीत.

मला करवतीखाली घातलं. ते दुखणं सांगत नाही. चिरेचा हातभर तुकडा काकांनी मागून घेतला आणि भांडाराच्या दाराशी, छातीच्या उंचीवर, खिळ्यानं ठोकला. आता मी एवढीच. शिडी न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला काका आधी माझ्या चिरेत बोट घालायला लावतात. मग नवीन शिडी आडवी ठेवून दोघं मिळून प्रत्येक पायरी तपासतात. मगच सही.

परवा एक जण घाईत होता. "माहितेय हो," म्हणाला आणि बोट न घालताच शिडी घेऊन गेला. तपासलेली होती, नवी होती, तरी ती परत येईपर्यंत दिवसभर काका शटरशी उभे होते आणि मी खिळ्यावर.

आज तुमचा गट आलाय. भिंत रंगवायचीय म्हणे, की छत? चांगलं काम आहे. बाहेर तुमची माणसं खोळंबलीत, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, सगळं खरं. पण इकडे या. बोट घाला माझ्यात. अजून आत. लागलं कुसळ? लागू द्या.

आता ज्याला वर चढवणार आहात, त्याचा चेहरा आठवा. आणि मग शिडी उचला.