दोराला हात लावणाऱ्याचा वाटा

सांतान फर्नांडिसला त्या निळ्या माशाकडे पाहिलं की शिसारी यायची. वेळेबंदर नगरपंचायतीने किनाऱ्यावर फायबरचा हा भलामोठा मासा उभा केला होता. पर्यटकांनी म्हणे त्याच्या जबड्यात बसून फोटो काढायचे. आणि त्याच्या शेपटीमागून सगळ्या हॉटेलांचं गटार समुद्रात सुटलेलं! गावात पैसा आला होता, खोटं कशाला बोला. ज्याच्या त्याच्या पडवीवर होमस्टेची पाटी लागली होती, सांतानच्या इझाबेलनेही मागच्या दोन खोल्या रंगवून घेतल्या होत्या. जेट-स्की होत्या, स्कूबाचे एजंट होते, तंदूरचे गाडे होते. पण भरती आली की वाळूवर डायपर नि बाटल्या पडायच्या, आणि खरा मासा मात्र या बाजूला फिरकेनासा झाला होता.

रापण तेवढी कशीबशी तग धरून होती. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, ती रापण. हे जाळं कुणा एकाचं नसतं. प्रत्येक घर आपला तुकडा आणतं, तुकड्याला तुकडा बांधला की रापण होते. सांतानचा तुकडा त्याच्या पपाने विणलेला होता. रापणीचा कायदाही एकच: दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा. मग तो पाहुणा असो की भिकारी, रिकाम्या हाताने गेला तर रापणीची लाज जाते.

नगराध्यक्ष गुरुदास हा सांतानचा शाळेतला सोबती. एके सकाळी तो पांढऱ्याधोप शर्टात माडाखाली आला. रापण सुकवायची, होड्या ओढून ठेवायची ती जागा. तीच आता नगरपंचायतीला फूड प्लाझासाठी हवी होती.

"सांतान, सुंदर किनाऱ्याचो पुरस्कार देवक समिती येता. तेंका रापण बघूची आसा."

"मासो खंय आसा रे? तुझ्या गटारान पळवल्यान."

"मासे आमी हाडतलों. बर्फातले. होडयेतसून जाळ्यात सोडूचे, तुमी ओढूचा. संपला."

"मेलेले मासे रापणीत? शी! तुका काय वाटता की नाय?"

"वाटता रे, पण वाटान भागता?" गुरुदासने माडाखालच्या होड्यांवर नजर फिरवली. "ह्या एक केलंस तर ही वाळू तुमचीच रवतली. नायतर माझ्या हातात काय नाय."

नाक दाबलं की तोंड उघडतं, हे गुरुदास नगरपंचायतीत चांगलं शिकला होता. वाळू गेली तर रापण गेली, आणि रापण गेली तर दोर ओढणारा बाबू नि रापणीतले बाकीचे हॉटेलांच्या दारात वॉचमन म्हणून उभे राहणार. सांतान दोन दिवस धड जेवला नाही. इझाबेल म्हणाली, "अडलो हरी गाढवाचे पाय धरी. एक दिवस धर आणि सोड." त्याने होकारार्थी मान हलवली.

समिती आली. मांडव, ढोल, शहाळी, फेटे, सगळा थाट. माइकवर गुरुदासची मालवणी पार पळाली. "आमची पारंपरिक रापण आपलं स्वागत करीत आहे," असं तो खणखणीत बोलत होता. रापण बुडवून तिच्याच नावाने स्वागत! समितीच्या बाईंनी हातमोजे घालून दोर धरला, गुरुदासनेही कॅमेऱ्याकडे तोंड करून धरला. पर्यटक "हैया हो" ओरडत होते. सांतान खाली मान घालून ओढत होता. आयुष्यात दोर इतका जड कधी लागला नव्हता.

जाळं वर आलं. बांगड्यांचा ढीग, एकही फडफडत नव्हता. डोळे पांढरे पडलेले, कल्ले काळपट. मध्येच दोन डायपर, ते मात्र अस्सल इथल्याच समुद्रातले.

"मासे हलत का नाहीत हो?" बाईंनी विचारलं.

"दमलेत मॅडम," गुरुदास म्हणाला. "लांबून आलेत."

मांडवातले लोक हसले. आता वाटे घालायचे, आणि पाहुण्याचा पहिला. सांतानने एक बांगडा उचलला तर पोट फुटून बोटांवर ओघळलं. असला भपकारा आला की त्याने तोंड फिरवलं. हा मासा माणसाच्या हातात द्यायचा? पपाच्या जाळ्यातून?

"मॅडम, ह्यो मासो रापणीचो न्हय," तो मोठ्याने म्हणाला. "बर्फातलो आसा. कुसलेलो. खाव नुको."

गुरुदासचा चेहरा पडला. सांतानला वाटलं, झालं, वाळू गेली. पण निदान छाती तरी मोकळी झाली.

बाई मात्र खळखळून हसल्या. "अहो काका, माहीत आहे आम्हाला. डेमो आहे हा. सगळीकडे असंच असतं. छान झालं, व्हिडिओ मस्त आलाय!"

टाळ्या पडल्या. गुरुदासने लगेच माइक उचलला. उद्यापासून रोज संध्याकाळी रापण होणार, वेळेबंदरचं नवं आकर्षण! मग माइक बाजूला धरून तो सांतानच्या कानाशी लागला. "वाचलंस बघ. वाळू तुमची. आणि ते मासे टाकू नुको हां, परत बर्फात घाल. उद्या चलतले."

सांतानच्या अंगावर काटा आला. राग नव्हता तो, निव्वळ किळस. रोज हेच मासे, हाच दोर, ह्याच टाळ्या! वाळू राहील हो, पण वाळूवर काय राहील?

तो खाली बसला आणि जाळ्याच्या गाठी सोडू लागला. आपला तुकडा त्याने सुटा केला, झटकला, खांद्यावर टाकला. बाबूने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या गाठीला हात घातला. मग तिसरा बसला, मग सगळेच. बघता बघता रापणीचे तुकडे झाले.

"सांतान! वाळू जातली हां!" गुरुदास माइकवरच ओरडला, मालवणीत.

"जांव दी." सांतान वळला. त्याने दोन फुटके बांगडे उचलले आणि गुरुदासच्या मोकळ्या हातात ठेवले. "तू दोराक हात लावलंस. ह्यो तुझो वाटो."

बाईंचा मोबाईल चालूच होता. गुरुदासला मासे टाकता येईनात. तो हसत उभा राहिला, आणि पांढऱ्या बाहीवरून पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

घरी इझाबेलने सांतानच्या हातांवर पाणी घातलं. साबण लावला, लिंबू चोळलं, तरी वास जाईना. "वाळू गेली ना?" तिने विचारलं. त्याने मान हलवली, पपाचा तुकडा मांडीवर घेतला आणि हुंदके देऊन रडला.