मागच्या पुठ्ठ्यावरची खूण

बालविभागाच्या ग्रंथपालबाईंना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. शेवट ठाऊक नसलेलं पुस्तक त्या कधी मुलांच्या हाती पडू देत नसत. साहसकथा असो की जादूच्या राज्याची, बाई आधी शेवटची दहा पानं वाचत आणि मागच्या पुठ्ठ्याच्या आत, कोपऱ्यात, शिसपेन्सिलीनं बारीक खूण करत. सगळे सुखरूप घरी परतले तर गोल, कुणी परतलं नाही तर फुली. लहानांना गोल, मोठ्यांना फुली. वीस वर्षांत या खुणांचा कुणाला पत्ता लागला नाही, असं बाईंना वाटे. बाईंना बरंच काही वाटे.

मुंगी हे नाव बाईंनीच पाडलेलं. दहा वर्षांची ती पोरगी हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत रचून न्यायची. वयानं ती गोलात बसायची, पण तिला गोल पचत नसत. "बाई, यातला राक्षस नुसता ओरडतो. जरा खराखुरा वाईट द्या की!" महिनाभर अशी कटकट ऐकल्यावर बाईंनी हात टेकले आणि फुलीचं कपाट तिला उघडून दिलं.

मग एका दुपारी तिचे वडील एकटेच आले. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गावाचे चष्मे सरळ करणाऱ्या त्या माणसाचा स्वतःचा चष्मा मात्र नाकावर तिरका बसला होता. त्यांनी तो काढला, खिशातल्या पिवळ्या फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला.

"तिच्या आईला डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत," ते म्हणाले. "पोरीला यातलं काही माहीत नाही. बरी होतेय असंच सांगतो आम्ही, तिची आईसुद्धा. तेवढं... पुस्तकात कुणी मरणार नाही असं बघाल का?"

सांगा हो तिला, निरोप तरी घेऊ दे, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं, असं त्यांनी मनाला बजावलं. तोंड बंद ठेवायला असं बजावणं फार सोयीचं पडतं.

"बघते मी. काळजी करू नका," त्या म्हणाल्या. चष्मेवाले गेले. फडकं टेबलावरच राहिलं.

बाईंनी कपाटं पालथी घातली. साहसकथा लिहिणारी मंडळी आयांच्या जिवावर उठलेली असतात, हे त्यांना तेव्हा कळलं. आई गेल्याशिवाय एकही पोरगं घराबाहेर पडायला तयार नाही! पहिली पानं, शेवटची पानं चाळत त्यांनी सोळा पुस्तकं काढली. दर शनिवारी दोन.

पहिल्या शनिवारी मुंगीनं मागचा पुठ्ठा उघडला, मिटला. टेबलावरच्या फडक्याकडे पाहिलं. दुसऱ्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडला, मिटला. भांडण नाही, कटकट नाही. दोन्ही पुस्तकं उचलून ती मुकाट गेली. त्यानंतर दर शनिवारी तसंच. पोर शहाणी झाली, असं बाईंना वाटलं.

आठव्या शनिवारी ती आली नाही. का, ते सगळ्या गल्लीला कळलं होतं.

तीन आठवड्यांनी मुंगी पुस्तकं परत करायला आली. केस कुणीतरी वेडेवाकडे विंचरले होते. बाईंनी बोलायचं म्हणून विचारलं, "वाचलीस का गं?"

"नाही. सगळे घरी येतात ना यात? गोल आहे."

बाईंच्या हातातला शिक्का हातातच राहिला. "तुला... खुणा माहीत आहेत?"

"केव्हाच्या. बाबांचं फडकं इथं पडलं होतं, आणि तुम्ही एकदम गोल द्यायला लागलात. मला तेव्हाच कळलं."

"मग घरी कुणाला बोलली नाहीस?"

"आई म्हणायची, मी बरी होतेय. मी म्हणायचे, हो." मुंगी टेबलाची कड नखानं खरवडत होती. "मला तिच्या कुशीत शिरून रडायचं होतं. पण मग तिला कळलं असतं ना, की मला माहितीय."

बाईंना वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही.

"घरी सगळे खोटंच बोलत होते," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तुम्हाला विचारावं. दर शनिवारी ठरवून यायचे. पण तुम्ही पण गोलच देत होतात."

बाईंनी परत आलेली पुस्तकं बाजूला सारली. माफी मागावी, तर कुठून सुरू करावी ते त्यांना कळेना. मुंगीनं हात पुढे केला.

"आता फुलीचं देता?"