एका टेकमधलं रडू

सत्काराला जायचं नाही म्हणजे नाही, असं कलाबाईचं तीनदा सांगून झालं होतं, आणि तिसऱ्यांदा सांगताना तिने हातातली मेथीची ओली जुडी अशी आपटली, की पाणी जीवनच्या इस्त्रीच्या शर्टावर उडालं. पण जीवन तिचाच लेक, ऐकतो कसला! पुढच्या वर्षी वॉर्डातून उभं राहायचं त्याच्या डोक्यात भरलेलं. आईचा सत्कार, पेपरात फोटो, पहिल्या रांगेत सगळी बडी मंडळी. तोंडाशी आलेला घास असा कोण सोडतो?

“आये, शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, गप खुर्चीत बसायचं. काय जातंय तुझं?”

“माझं काय जातंय ते तुला नाय ठावं.”

“मग सांग की!”

ते ती सांगत नव्हती. उभ्या जन्मात तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, नवरा होता तेव्हा नवऱ्यालाही नाही.

हे सगळं लचांड यादवसरांनी लावून दिलेलं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, रिकामा वेळ भरपूर, आणि जुन्या सिनेमाचं वेड. महायुद्धाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत गाजलेले बोलपट नाशिककरांना पुन्हा दाखवायचा त्यांनी घाट घातला होता. त्यातल्या एका बोलपटात नदीच्या पुराचा प्रसंग आहे. सहा वर्षांची एक पोर काठावर उभी राहून आईसाठी हंबरडा फोडते. त्या एका हंबरड्यावर तो बोलपट महिनोन्महिने चालला. बायका पदर ओले करून थेटरातून बाहेर पडायच्या आणि पुढच्या आठवड्यात जावेला घेऊन परत रडायला जायच्या. ती पोर कोण, याचा छडा लावत लावत सर मखमलाबादच्या मळ्यात कलाबाईच्या दारात येऊन उभे राहिले होते.

कलाबाईने तो बोलपट कधी पाहिला नव्हता. तिला तो पाहायची गरजच नव्हती. सिनेमाकंपनी नदीकाठी उतरली होती, माळ्याची ही चुणचुणीत पोर त्यांच्या डोळ्यांत भरली, आणि तिची आई भागीबाई हरखून गेली. पण पोरीला रड म्हटलं की पोर हसायची. चिमटे काढले, डोळे वटारले, तरी हसायची. मग डायरेक्टरने भागीबाईला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने एक माणूस धापा टाकत आला आणि ओरडला, “पोरी, तुझी आई गेली गं वाहून!” पोरीने नदीकडे पाहिलं, तर आईचं ओळखीचं हिरवं लुगडं पाण्यावर तरंगत चाललेलं.

आणि भागीबाई? ती बाभळीमागे उभी होती. कंपनीने दिलेलं नवं कोरं लुगडं नेसून. ‘झालं’ म्हटल्यावर ती हसत बाहेर आली आणि तिने हात पसरले. पोर तिच्याजवळ गेली नाही. तेव्हाचा तो राग कलाबाईने मळ्यातल्या मोगऱ्यासारखा जपला, कधी सुकू दिला नाही.

शेवटी ती गेलीच. म्हातारपणी लेकाच्या हट्टापुढे कुणाचं चालतं?

मंगल कार्यालय गच्च भरलेलं. जीवनने तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः फोटोवाल्याला जागा दाखवायला धावला. दिवे गेले, बोलपट सुरू झाला. कलाबाईने ठरवलं होतं, खाली फरशीकडे बघत बसायचं. ती बसलीही. पण डोळे मिटता येतात, कानांचं काय करणार? पुराचा प्रसंग आला आणि ती पोर “आये!” म्हणून अशी किंचाळली, की दारात स्वागताला दिलेलं फूल कलाबाईच्या हातून खाली पडलं. सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. मग दिवे लागले आणि टाळ्या. टाळ्या काय थांबता थांबेनात.

यादवसर माईकपाशी गेले. आनंदाने त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

“मंडळी, काळ लक्षात घ्या! तिकडे लढाई पेटलेली. परदेशातून येणारी कोरी फिल्म मिळेनाशी झालेली. फूट न् फूट मोजून वापरायचे. चुकलं तर पुन्हा घेऊ, ही चैन नव्हती. आणि अशा वेळी या चिमुरडीने हे रडू एका टेकमध्ये दिलं. एका टेकमध्ये! याला म्हणतात उपजत अभिनय!” पुन्हा टाळ्या. “सत्काराआधी तेवढा प्रसंग आपण परत एकदा बघू या.”

परत एकदा! कलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवे गेले, पोर पडद्यावर आली, आणि कलाबाई उठून सरळ पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बंद करा ते.”

मागे कुणीतरी “बसा, बसा” म्हणालं. दिवे लागले. यादवसर गडबडले, पण ते कसलेले सभाधीट. “वा! कलाबाई स्वतःच आठवण सांगतायत!” असं म्हणून त्यांनी माईक तिच्या हातात दिला.

“ते काम नव्हतं,” कलाबाई म्हणाली. “मला काम येत नव्हतं. मला सांगितलं, तुझी आय वाहून गेली. तिचं लुगडं पाण्यात सोडलं. म्हणून रडले. फिल्लम महाग होती ना! पोर सस्ती होती.”

पुढच्या रांगेतला एकजण मोठ्याने म्हणाला, “काय डोकं लढवलं हो डायरेक्टरने!” लोक हसले. चांगलं खळखळून हसले, आणि टाळ्याही वाजल्या. जीवनसुद्धा हसला. आई एवढी छान बोलते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

कलाबाईने हसणं संपू दिलं.

“झालं हसून? आता पुढचं ऐका. मी सासरी आले ती आयशी अबोला धरून. मी माहेरी जात नव्हते, तर भाऊ सांगावा धाडायचा, आय लय आजारी हाय, ये. पळत गेले, तर आय चुलीपाशी भाकरी थापतीय. दुसऱ्यांदा गेले, तेच. मला भेटायचं म्हणून आजाराचं सोंग. तिला काय, सवयच होती. मग एक दिवस माणूस आला, म्हणाला, आय गेली. मी त्याला दारातून हाकलला. म्हटलं, बाभळीमागं उभी असंल, जा, बघून ये.”

आता कुणी हसत नव्हतं.

“पुढं एके दिवशी मी गंगेवर, गोदेच्या काठी, मेथी विकीत बसले होते. रामकुंडाकडून माझा भाऊ आला. डोक्याचा गोटा केलेला. आयचा दहावा करून आला होता. माझ्याकडं बघितलं आन् तसाच गेला पुढं. परत कधी माझ्या दारात आला नाय.”

यादवसर पुढे झाले. “कलाबाई, पाणी देऊ का...”

“थांबा! मी तवाबी रडले नाय. लोक म्हणले, बाई हाय का दगड. आयसाठी मी जन्मात एकदाच रडले, तवा ती जित्ती होती, आन् ते रडू तुम्ही डब्यात भरून ठिवलंय. लोकांना दाखवताय. परत एकदा, परत एकदा!” तिचा आवाज फाटला. “वाजवा ना आता टाळ्या! मगाशी वाजवत व्हता, आता काय झालं? वाजवा!”

कुणाचा हात हलला नाही. यादवसर शाल घेऊन उभे होते, ती पुढे करावी की मागे घ्यावी, त्यांना कळेना. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला होता. जीवन खुर्चीतून उठला आणि तिथेच उभा राहिला. आपल्याला मामा नाही, असंच त्याला लहानपणापासून सांगितलेलं होतं.